हवेतली माझी वाट आणि चाळीस जणांची यादी

मित्रांनो, मी एक जुना वायरलेस संच आहे आणि स्वभावाने हेवेखोर आहे. दुसऱ्या कुणी तुमच्या कानांवर घालण्याआधी मीच हे सांगून टाकतो. वय झालं की वस्तू शहाण्या होतात, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही.

माझा जन्म बंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात झाला. राखाडी रंगाची पत्र्याची पेटी, पुढे दोन मोठी बटणं, वेटोळ्याच्या वायरीला लटकलेला माइक आणि जाळीआड लपलेला भोंगा, असं माझं रूप आहे. १९७९ साली पेंढ्यात गुंडाळून, लाकडी खोक्यात घालून मला भोपाळला आणलं. तिथे एका सरकारी कारखान्याची मोठी वसाहत होती. कारखाना, हजारो क्वार्टर्स, शाळा, इस्पितळ, क्लब, बाजार, बर्फखाना आणि या सगळ्यांची काळजी वाहणारं अग्निशमन केंद्र. त्या केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर मला जागा मिळाली.

मला बसवलं ते दिगंबररावांनी. ते तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते आणि वायरलेसचे तंत्रज्ञ म्हणून पुण्याहून नुकतेच बदलून आले होते. त्यांनी माझं झाकण उघडलं, आतला एकेक सांधा भिंगातून पाहिला आणि म्हणाले, "चांगलं पोर आहे. टिकेल." माझं असं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही, म्हणून ते वाक्य मी जपून ठेवलं आहे.

आता माझं काम काय, ते समजून घ्या. हवेत वाटा असतात. त्या दिसत नाहीत, पण आवाज त्यांवरूनच ये-जा करतो. या सगळ्या वाटांना मिळून स्पेक्ट्रम म्हणतात. वाटा मोजक्याच असतात, म्हणून सरकार त्या वाटून देतं. ही पोलिसांची, ही विमानांची, ही रेल्वेची. आमच्या वसाहतीच्या वाट्याला एक वाट आली होती. तिच्यावरून फक्त आमचे बंब, आमची रुग्णवाहिका आणि आमचे चौकीदार बोलायचे. तिथे दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही, असा सरकारी कागद होता. तो कागद काचेच्या चौकटीत माझ्या डोक्यावर लावलेला असे. सकाळी ऊन आलं की त्याची सावली माझ्यावर पडायची आणि मला उगाचच जहागीरदार झाल्यासारखं वाटायचं.

१९९१ साली सुलभाताई ऑपरेटर म्हणून आल्या. माहेर उज्जैनचं, घरात मराठी, दारात हिंदी. सकाळी आठ वाजता त्या सगळ्या संचांची हजेरी घ्यायच्या. प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं आणि आपल्याकडे काय चाललंय ते एका वाक्यात सांगायचं. रुग्णवाहिकेचे नफीसभाई दर वेळी म्हणायचे, "नफीस हाज़िर, टंकी फुल, चाय बाक़ी." मग सुलभाताई हसायच्या.

पण त्यांचा एक नियम कडक होता. कुठे अपघात झाला, आग लागली, की त्या माइकमध्ये एवढंच म्हणायच्या, "लाइन छोड़ो." मग जो संकटाच्या जागी आहे तोच बोलणार. बाकी सगळे गप्प. एकदा खुद्द कारखान्याचे मोठे साहेब बोलत होते, तेही अर्ध्या वाक्यात थांबले. मला वाटायचं, ही जरब माझी आहे. माझ्या आवाजाला सगळे वचकून आहेत.

अशी जवळजवळ तीस वर्षं गेली. मग २००८ साली माझ्या पोटात दुखू लागलं.

झालं असं, की वरच्या कचेरीत कुणाच्या तरी लक्षात आलं की आमची वाट दिवसाचे तेवीस तास रिकामी असते. संकट काही रोज येत नाही. मग एक खासगी कंपनी पुढे आली. वायरलेसच्या सरकारी खात्याने परवानगी दिली आणि करार झाला. कंपनीने आमच्या पाण्याच्या टाकीवर टॉवर उभारायचा, वसाहतीला दोनशे नवे हातातले संच द्यायचे आणि त्यांची देखभालही करायची. त्या बदल्यात एरवी आमच्या वाटेवरून कंपनीची गिऱ्हाइकं बोलणार. मंडीदीपच्या कारखान्यांचे ट्रकवाले, कोलार रोडवरच्या नव्या सोसायट्यांचे चौकीदार, असे कोणीही. संकट आलं की कंट्रोल रूममधून लाल बटण दाबायचं. मग आधी वसाहतीने निवडलेले चाळीस संच बोलणार, त्यांच्यानंतर वसाहतीचे बाकीचे, आणि सर्वांत शेवटी गिऱ्हाइकं. सरकारी आणि खासगी यांची ही भागीदारी होती. मित्रांनो, विचार केला तर त्यात वाईट काही नव्हतं. पण मी विचार केलाच नाही. माझी वाट मंडीदीपच्या ट्रकवाल्यांना दिली, एवढंच मला दिसलं.

नवा संच आला आणि माझ्याच टेबलावर बसला. मला उचलून कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवलं. त्याला चिमुकला रंगीत पडदा होता. त्यावर कोण बोलतंय आणि कोण थांबलंय, त्यांची नावं दिसायची. बोलण्याआधी तो टुंग असा नाजूक आवाज करायचा. माझी खरखर ऐकून ज्यांनी कान झाकून घेतले होते, ती माणसं त्याचं टुंग ऐकून हसायची. सुलभाताई त्याच्यावर फुंकर मारायच्या, पदराच्या टोकाने पडदा पुसायच्या. मला इतक्या वर्षांत एक जुनं फडकं मिळालं होतं, तेही महिन्यातून एकदा.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला तर कहर झाला. दरवर्षी पहिलं कुंकू मला, मग बंबाला, मग दोरखंडांना. त्या वर्षी सुलभाताईंनी नव्या संचाला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, पेढा दाखवला. माझ्याकडे आल्या तेव्हा वाटीतलं कुंकू संपलं होतं. "राहू दे, याला पुढच्या वर्षी लावून देऊ," असं म्हणून त्या गेल्या. मी मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस असतात, दहाव्या दिवशी बघू. तो पडावा, बंद पडावा, अडावा, एवढीच माझी इच्छा उरली होती.

आणखी एक गोष्ट झाली. देखभाल कंपनीकडे गेल्यावर दिगंबररावांना वायरलेसचं काम उरलं नाही. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. मग त्यांना बर्फखान्यात बिजलीच्या कामाला पाठवलं. कँटीनचं दूध आणि भाजी तिथे थंड ठेवत. जाताना ते मला भेटायला आले आणि माझ्यावर एक जुनी चादर घालून गेले. याचंही खापर मी नव्या संचावरच फोडलं.

आता त्या चाळीस जणांच्या यादीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडलं.

यादी करायचं काम प्रशासन विभागाच्या सदाशिवरावांकडे आलं. अतिशय सरळ माणूस. तीस वर्षं त्यांनी क्वार्टर्सचं वाटप केलं होतं आणि एकही तक्रार येऊ दिली नव्हती. त्यांची रीत एकच होती, ज्याची श्रेणी मोठी त्याचं नाव आधी. वसाहतीत सगळं असंच चालायचं. क्वार्टर श्रेणीने, टेलिफोन श्रेणीने, क्लबच्या नाटकाला खुर्च्यासुद्धा श्रेणीने. सदाशिवरावांनी चार दिवस खपून तशीच यादी केली. पहिले मोठे साहेब, मग त्यांच्या हाताखालचे साहेब, हिशेबाचे साहेब, बढत्या-बदल्यांचे साहेब. एकोणिसाव्या जागी कचेरीतली हिंदी तपासणारे राजभाषा अधिकारी. सव्विसाव्या जागी क्लबचे सचिव. छत्तिसाव्या जागी बागांचे अधिकारी. कंट्रोल रूमचं नाव चाळिसावं, तेही अग्निशमन अधिकारी श्रेणीत बसत होते म्हणून. नफीसभाईंचा क्रमांक एकशे बारावा.

यादी घ्यायला कंपनीची इंजिनियर आली होती, वंदना नावाची, इंदूरची तरुण मुलगी. तिने उभ्या उभ्याच यादी वाचली.

"काका, यात एम्बुलेंस कुठे आहे?"

"एकशे बारा. ड्रायव्हर आहे ना तो. श्रेणी बघा त्याची."

"पण काका, इथे पद नाही, काम लिहायचं असतं. जो जागेवर जाणार, त्याला आधी बोलायला मिळायला हवं."

"बेटा, राजभाषावाल्यांना वगळून ड्रायव्हरला आत घेतलं, तर उद्या माझ्या टेबलावर चाळीस अर्ज येतील. आणि असं रोज कुठे काय होतंय? मोठ्या साहेबांची सही झालीय."

"मग चाळीसच्या जागी दोनशेही करता येतात. पण सगळेच पहिले झाले तर पहिलं कोण राहिलं?" असं ती म्हणाली आणि यादी बॅगेत घालून गेली.

मी चादरीखाली सगळं ऐकत होतो. चूक मला तिथल्या तिथे कळली होती. मला तोंड नाही, हे खरं. पण तोंड असतं तरी मी गप्प बसलो असतो. कारण मला वाटलं, चला, याच्या पडण्याची सोय झाली.

पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीतला मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली असतील. बर्फखान्यातून टेलिफोन आला. बर्फ करायच्या यंत्रातल्या अमोनिया वायूच्या नळीचा सांधा सुटला होता. मुख्य झडपेची चकती फिरवून गळती थांबवली होती, पण ती फिरवायला आत गेलेला माणूस वायूत सापडला होता. त्याला बाहेर काढलं होतं, मात्र त्याच्या डोळ्यांत आणि छातीत वायू गेला होता. सुलभाताईंनी नाव विचारलं. नाव दिगंबररावांचं होतं.

त्यांनी लगेच नफीसभाईंना पाठवलं. गाडी निघाली, बर्फखान्यावर पोचली, दिगंबररावांना आत घेतलं. इथपर्यंत सगळं ठीक झालं. तेवढ्यात उरलासुरला अमोनियाचा वास वाऱ्याबरोबर क्वार्टर्सवर गेला.

मित्रांनो, भोपाळात नाकाला काही झोंबलं की माणसं कारण विचारत बसत नाहीत. आधी घर सोडतात. का, ते १९८४ साल पाहिलेल्या तुमच्या आजी-आजोबांना विचारा. पाच मिनिटांत वसाहतीतल्या सगळ्या स्कूटर्स रस्त्यावर आल्या. एकेका स्कूटरवर चार चार माणसं. मोबाइल सगळ्यांनी एकदमच कानाला लावले, त्यामुळे ते लागेनासे झाले. कारखान्याच्या मालगाडीच्या रुळांवर दोन फाटकं होती. पुढच्या फाटकातून इस्पितळाला रस्ता जायचा. तिथे स्कूटर्सची एवढी कोंडी झाली की रुग्णवाहिका मधोमध अडकली. मागचं फाटक रिकामं होतं, पण त्याला कुलूप होतं. किल्ली आमच्या केंद्रात, सुलभाताईंच्या मागच्या खिळ्यावर. नफीसभाईंनी फक्त एक वाक्य सांगायची गरज होती.

सुलभाताईंनी नियमाप्रमाणे लाल बटण दाबलं. त्याबरोबर चाळीस जणांना पहिला मान मिळाला आणि ते चाळीसही जण बोलू लागले. एक साहेब दुसऱ्या साहेबांना विचारत होते, "क्या हुआ है?" दुसरे तिसऱ्यांना विचारत होते. कुणी शाळेतल्या मुलीला घरी आणायला गाडी मागत होते. क्लबचे सचिव दुपारचं जेवण रद्द करायचं का, ते विचारत होते. राजभाषा अधिकारी शुद्ध हिंदीत सगळ्यांना शांत राहायला सांगत होते. त्यांत वाईट मनाचं कुणी नव्हतं. सगळे घाबरले होते आणि प्रत्येकाच्या हातात पहिल्या मानाचा संच होता.

आणि गाडीत नफीसभाई बटण दाबत होते. त्यांच्या संचातली बाई गोड आवाजात सांगत होती, "कृपया प्रतीक्षा करें."

नव्या संचाच्या पडद्यावर नावं धावत होती. सुलभाताई ओरडून हाक मारत होत्या, "एम्बुलेंस, कहाँ हो?" उत्तर येत नव्हतं. कोपऱ्यातून मी हे ऐकत होतो. आता सांगतो ते ऐकून तुम्ही मला नावं ठेवा, माझी हरकत नाही. मला आनंद झाला. गाडीत कोण आहे, हे मला ठाऊक होतं. ज्यांनी मला 'चांगलं पोर' म्हटलं, तेच तिथे डोळे मिटून पडले होते, आणि तरी मला आनंद झाला. अडला, अडला, असं मी मनात म्हणत होतो. अशी नऊ मिनिटं गेली.

नवव्या मिनिटाला सुलभाताईंनी हाका मारणं थांबवून पडदा नीट वाचला. थांबलेल्यांच्या रांगेत, तळाशी, रुग्णवाहिकेचं नाव होतं. त्यांचा हात लाल बटणाकडे गेला, पण ते सोडलं असतं तर मंडीदीपचे सगळे ट्रक आत घुसले असते. मग त्यांनी माइक उचलला. नवा माइक. एरवी साहेबांशी बोलताना त्या आवाज लहान करत. आज त्यांनी तसं केलं नाही.

"कंट्रोल रूम से बोल रही हूँ. लाइन छोड़ो. साहब लोग भी छोड़ो. एम्बुलेंस को बोलना है."

एक जड आवाज आला. "मैडम, आपको मालूम है आप किससे बात कर रही हैं?"

"जी सर. नंबर चार से. सेट नीचे रख दीजिए."

शांतता झाली, आणि ती तशीच राहिली. पडद्यावरची नावं एकेक करून विझली. मग टुंग वाजलं आणि नफीसभाईंचा आवाज आला, इतका स्वच्छ की त्यांच्यामागे रडणारं कुणाचं तरी पोरही ऐकू आलं.

"कंट्रोल, नफीस. आगे का फाटक जाम है. पीछे वाला खुलवा दो. दिगंबर बाबू साँस ले रहे हैं, पर आँख नहीं खोल रहे. मैं पानी डाल रहा हूँ."

तोवर एक फायरमन किल्ली घेऊन स्कूटरवर बसलासुद्धा होता. आणखी पाच मिनिटांत दिगंबरराव इस्पितळात होते.

ते वाचले. छाती महिन्याभरात सुधारली, डावा डोळाही बरा झाला. उजवा गेला. डॉक्टर म्हणाले, नफीसभाईंनी कॅनमधलं पाणी ओतत ठेवलं म्हणून एक तरी वाचला, दहा मिनिटं आधी आणलं असतं तर कदाचित दोन्ही वाचले असते. कदाचित, असंच ते म्हणाले. हा शब्द मी रोज आठवतो. मी काही नळी फोडली नव्हती, फाटकाला कुलूप लावलं नव्हतं, यादीही केली नव्हती. पण एका माणसाचा डोळा जात असताना मी खूश होतो. त्याची भरपाई कशी करायची, हे मला अजून सापडलेलं नाही.

चौकशी आमच्याच खोलीत झाली. सगळा दोष कंपनीच्या माथी मारायची तयारी करून लोक आले होते. सगळ्यांत जास्त तयारी माझी होती.  वंदनाने ती यादी टेबलावर ठेवली आणि एकशे बारावं नाव बोटाने दाखवलं. सदाशिवरावांनी चष्मा लावून तो कागद पहिल्या नावापासून वाचला.

"ये मैंने बनाई है," ते म्हणाले. "मशीन का दोष नहीं है. इसने तो मेरा लिखा माना."

मग त्यांनी तिथेच बसून नवी यादी लिहायला घेतली.  तीत एकाही माणसाचं नाव नव्हतं, नुसती कामं होती. रुग्णवाहिका, कंट्रोल रूम, पहिला बंब, दोन्ही फाटकांचे चौकीदार, पाण्याचा टँकर, इस्पितळातला अपघात विभाग. मोठे साहेब एकतिसावे. मोठ्या साहेबांनी ती वाचली, सही केली आणि ही यादी दर सहा महिन्यांनी वाचून तपासायची, असं खाली लिहिलं.

दोन महिन्यांनी दिगंबरराव काळा चष्मा लावून आले. सुलभाताईंनी खुर्ची पुढे केली. मला वाटलं, आता चादर निघेल. त्यांनी नवा संच हातात घेतला, डाव्या डोळ्याजवळ नेला आणि उलटसुलट करून पाहिला.

"सुलभाताई, आवाज काय स्वच्छ येतो हो याचा. गाडीत मी ऐकत होतो. तुम्ही त्या नंबर चारला गप्प केलंत ना, तेव्हा मला वाटलं, आता पोचतो आपण."

"मला तर वाटलं, आता नोकरी जाते, दिगंबरराव."

"आवाजात नाही कळलं ते."

मग ते माझ्याकडे वळले. चादर काढली, माझ्या पाठीवर हात फिरवला. "याला शाळेत देऊन टाका. झाकण उघडून पोरांना आतलं दाखवता येईल. आता भिंगातून बघणं मला काही जमायचं नाही."

अशा रीतीने मी तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आलो. खरं सांगू? नव्या संचाचा मला अजूनही हेवा वाटतो. त्याला दरवर्षी कुंकू लागतं, मला खडूची धूळ. पण एक गोष्ट मला उशिरा का होईना कळली. लोक गप्प व्हायचे ते मला घाबरून नव्हे. ज्याचं बोलणं आधी ऐकायला हवं, त्याला ते वाट करून द्यायचे. ही वाट माझ्या तारांत कधीच नव्हती. सुलभाताईंनी ती नव्या माइकमधूनही करून दिली.

तेव्हा मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, धूळ पुसा, हे मी सांगणार नाही. ते तुमच्या बाई रोज सांगतात. तुम्ही एवढंच करा. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक फळा आहे. आग लागली किंवा कुणाला दुखापत झाली तर कुणाला आधी सांगायचं, त्याची यादी तिथे लावली आहे. आज मधल्या सुट्टीत ती वाचा. तिच्यात पहिली सहा नावं कुणाची आहेत ते बघा. आणि मागच्या दाराची किल्ली ज्यांच्या कमरेला असते, त्या शिपाई प्रमिलामावशींचं नाव कितवं आहे, ते मला येऊन सांगा.